बिनभिंगाची पेटी

बाई, तुमच्या हाताखाली लागले तेव्हा माझी लेक जन्मलीही नव्हती. तुम्ही जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. ती वाघोलीला कॉलेजात शिकते, आणि गेल्या आठवड्यात तिनं माझा जीव टांगणीला लावला. कुणाला तरी सांगायचंय, आणि तुमच्याइतकं कुणाला कळणार?

सदाशिव पेठेतली आपली लॅब, खिडकीशी तुमचा मायक्रोस्कोप, शेजारी माझं स्टूल. मी नवीनच होते. एका पेशंटच्या प्लेटलेट्स अगदीच कमी लिहिल्या, तर तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "पेशंटचं रक्त कमी आहे, की आपलं लक्ष?" मी रडकुंडीला आले. मग तुम्हीच काच सरकवून दाखवलीत. कडेला प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून बसलेल्या! रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध असतं, त्यानं कधीकधी असं होतं, म्हणालात. "हा घोळका. बोटातून ताजं घे, मग मोज." तेव्हापासून लॅबमध्ये तोच शब्द पडला.

तर लेकीला ताप. लॅबच्या मोठ्या मशीनचा रिपोर्ट आला, प्लेटलेट्स अगदीच कमी. डॉक्टर म्हणाले, "अॅडमिट करा, प्लेटलेट्सच्या पिशवीची सोय बघून ठेवा." नवरा रक्तपेढ्यांना फोन लावतोय, आणि लेक लॅबच्या बाकावर बसून मलाच समजावतेय, "आई, अगं मी ठीक आहे." डोंबलाचं ठीक!

आमच्याकडे सध्या एक पेटी आलीय, तपासणी शिबिरांना न्यायला. पोळ्यांच्या डब्याएवढी. तिला भिंगच नाही. रक्ताची काच थेट कॅमेऱ्याच्या चिपवर ठेवायची, वरून उजेड पडतो, आणि पेशींच्या सावल्यांवरून कॉम्प्युटर चित्र तयार करतो, मोजतोही. तुम्ही नाक मुरडलं असतंत. "सावल्या मोजता? वा! मग पेशंटलाही घरीच ठेवा, नुसती सावली पाठवू दे." पण बाई, मायक्रोस्कोपात एका वेळी एवढंसंच दिसतं, इथं जवळपास सगळी काच एकदम. लेकीचं तेच रक्त ठेवलं आणि पडद्यावर घोळकेच घोळके! मी किंचाळलेच. मशीननं ते प्लेटलेट्समध्ये धरलेच नव्हते. लगेच तिच्या बोटातून ताजा थेंब घेतला. या वेळी सगळ्या सुट्या. थोड्या कमी, पण घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासून घेतलं आणि म्हणाले, "घरी न्या." हुश्श! रिक्षात मी तिचा हात सोडलाच नाही, आणि ती मेली हसत होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून खरं ते लिहिते. ताज्या थेंबाचं चित्र मी पाहिलंच नाही. पहिले घोळके दिसले तेव्हाच डोळे असे भरून आले की पुढचं सगळं शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पडद्यावरून वाचून दाखवलं. भिंगाला डोळा लावून मोजायची वेळ आली असती ना बाई, तर स्वतःच्या लेकीचं रक्त मला मोजता आलं नसतं.