सीमासाठी लाल मेपल

३ मे, शनिवार
मागच्या अंगणात मेपल लावलं. नर्सरीत रोपावरचं लेबल पडून गेलेलं. मी पानावरून एका नजरेत ओळखलं : शुगर मेपल. ऑक्टोबरमध्ये लालभडक होईल. सीमाला तो लाल रंग फार आवडतो. ती सध्या दुसऱ्या राज्यात, हर्नडनला प्रोजेक्टवर आहे. तात्पुरती. पानं लाल होईपर्यंत परत येईल. ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

८ जून
सीमाला झाडाचा रोज फोटो पाठवतो. ती अंगठा पाठवते. म्हणजे इंटरेस्ट आहे. टाइप करायला वेळ नसतो बिचारीला.
संकल्प : फोनवर तिचं बोलणं मध्येच तोडायचं नाही.

९ जून
तोडलं. पण झाडाला पाणी किती घालावं हे सांगणं गरजेचं होतं.

१९ जुलै
आन्या कॉलेजमधून आली. आल्या आल्या पानाचा देठ मोडला. पांढरा चीक आला. “बाबा, धिस इज नॉर्वे मेपल. शुगरला असा चीक नसतो. हे लाल होत नाही, येलो होतं.” म्हटलं, खत जास्त झालंय, त्याचा चीक आहे. एका सेमिस्टरच्या बॉटनीवर बापाला शिकवते.
मग म्हणाली, आईने तिकडे अपार्टमेंट घेतलंय, यू नो दॅट, राइट? म्हटलं, प्रोजेक्ट लांबला असेल. जेवताना तिने न मागता मला वरण वाढलं. असं कधी करत नाही.

१८ ऑक्टोबर
आमचं सगळं शॉमबर्ग गाव लाल. आपलं अजून हिरवंगार. काही झाडं उशिरा रंगतात.
सीमा आली! सोबत दोन रिकाम्या बॅगा. थंडीचे कोट भरले, शिलाई मशीन गाडीत ठेवलं. मी तिला झाडापाशी नेलं. म्हटलं, दोन आठवडे थांब, लाल होईल. तिने एक हिरवं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, “शैलेंद्र, झाड छान वाढवलंयस. पण ते लाल होणार नाही, आणि मी परत येणार नाहीये. मे महिन्यातच सांगितलं होतं तुला.”
सांगितलं असेल. मी तेव्हा खड्डा खणत होतो.

१५ नोव्हेंबर
पानं पिवळी झाली आणि दोन दिवसांत गळाली. पाला गोळा करत होतो. शेजारच्या विष्णूने कुंपणावरून विचारलं, सीमाताई कधी येतायत?
म्हटलं, नाही येणार.
तो घरात गेला. पाला भरायच्या कागदी बॅगा घेऊन माझ्या अंगणात आला आणि एक उघडून धरून उभा राहिला. मी भरत गेलो.