गच्चीवरचं घंगाळ

९ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं आणि खरं तेवढंच लिहायचं.

गच्चीवरचं काम सुरू झालं. निळ्या ड्रममध्ये रोहूची पिल्लं, वर खडीच्या ट्रेमध्ये पालक, मधे छोटा पंप. मासोळ्यांची घाण पाण्याबरोबर खडीत जाते, तिथले जिवाणू तिचं खत करतात, पालक ते खातो, निवळलेलं पाणी खालच्या टबात जमून परत ड्रममध्ये येतं. माती नाही, युरिया नाही, फवारणी नाही.

हे सगळं प्रणोतीसाठी. दादा-वहिनीची लेक, जानेवारीत उष्टावण आहे तिचं. बाजारातला पालक नाल्याच्या पाण्यावर वाढतो. त्यात कुठले कुठले धातू असतात ते मी वाचलंय. बाळाच्या पोटात पहिलं हिरवं पान जाईल ते माझ्या हातचं. वहिनीला तसं वचन दिलं. वहिनी म्हणाली, अच्छा.

ड्रम वर चढवताना बाबा म्हणाले, ऑर्डनन्स फॅक्टरीत सांगू काय, आमच्या क्वार्टरवर नवी तोफ आली म्हणून? आई म्हणाली, मासोळीच्या मुताची भाजी खाऊ घालतेस काय पोरीला? मी विज्ञान समजावलं. ती म्हणाली, तेच तर म्हणून राहिले मी.

१२ नोव्हेंबर
ट्रेमधून गळणारं पाणी ज्या टबात जमतं तो प्लास्टिकचा आहे! दिवसभर डोक्यात तेच. शेवटी माळ्यावरून आजीचं तांब्याचं घंगाळ काढलं आणि टबाच्या जागी ठेवलं. आता मन शांत.

ऑनलाइन क्लासच्या सरांनी पाण्याच्या वाटेत धातू नको असं सांगितलं होतं. जस्त, पितळ, तांबं. पण ते वायरीचं वगैरे तांबं असणार. माझी पहिली शाळा आईचा ओटा. बालवाडीच्या आधीच पाठ होतं: देवाचं पाणी तांब्यात, प्यायचं पाणी तांब्यात, ताक मात्र चिनी मातीत. सरांच्या घरी हे नसेल शिकवलं.

२३ नोव्हेंबर
रोपांबरोबर बारक्या गोगलगायी आल्या होत्या. ट्रेभर झाल्या होत्या. आज एकही नाही. रिकामे शंख तेवढे खडीत. काही न फवारता! स्वच्छ पाण्यात घाण टिकत नाही हेच खरं.

३० नोव्हेंबर
पट्टी बुडवून पाण्याचा पीएच पाहिला. उतरून राहिलाय. सर म्हणतात, जिवाणू कामाला लागले की पाणी ॲसिडिक होतंच. चिमूटभर चुना कालवून हळूहळू द्या, कॅल्शियमही मिळेल.

चुना! जो पानाला लावतात तो! बाळाच्या अन्नात! सरांबद्दलचा आदर थोडा कमी झाला. चुना देणार नाही.

७ डिसेंबर
नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तक्त्याप्रमाणे लोह कमी. सरांना फोटो पाठवला. घंगाळ फोटोतून कापलं, उगाच गैरसमज नको. ते म्हणाले, चिलेटेड आयर्न द्या, पण मोजून.

मोजण्यात मला कोणी शिकवू नये. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मागवला. दोनदा तोललं, तिसऱ्यांदा तोललं, मग भीती वाटून निम्मंच घातलं. पाणी चहासारखं तांबूस झालं. दादा म्हणाला, मासोळ्यांना बिस्किटं पण दे. असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही.

१८ डिसेंबर
एक सुंदर गोष्ट. घंगाळ माळ्यावर होतं तेव्हा आतून काळं-हिरवं पडलं होतं. आज पाहिलं तर पाण्याखालचा सगळा भाग लख्ख! चिंच नाही, राख नाही, कोणी हात लावला नाही. तळाशी माझा चेहरा दिसतो. पाणी किती शुद्ध असेल!

मासोळ्या आता वरच राहतात. मी गेले की तोंडं उघडतात. ओळखायला लागल्या.

२७ डिसेंबर
एक गेली. थंडीनं. सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. ड्रमवर जुनी गोधडी टाकली.

४ जानेवारी
मासोळ्या खात नाहीत. दाणे तसेच तरंगतात. थंडीत भूक मंदावते. उपास कोणालाच वाईट नाही.

पालक अजून पिवळाच. लोहाचा उरलेला निम्मा डोस दिला.

वहिनीने विचारलं, शरू, नक्की चालेल ना गं? मी तिला सगळं वाचून दाखवलं: अमोनिया, नायट्रेट, लोह. तांब्याची टेस्ट वेगळी मिळते, ती घेतली नाही. पाण्यात तांबं घातलंच नाही तर मोजायचं काय? वहिनी बाळाला थोपटत म्हणाली, तू म्हणतेस तर.

तिचा विश्वास पाहून बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार, सकाळ
उष्टावणाचा दिवस. पालक कालच खुडून वहिनीला दिला, पिवळी पानं निवडून.

मासोळ्या सगळ्या उलट्या तरंगताहेत.

रात्री लाईट गेली असेल, पंप बंद पडला असेल. खालची विजेवरची घड्याळं मात्र बरोबर आहेत. पण पालक काही मासोळी नाही. शुभ दिवशी घरात असलं बोलू नये. ड्रमवर गोधडी नीट ओढली आणि खाली आले. पालक शिजत होता.

११ जानेवारी, संध्याकाळ
लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते.

नागपूरहून बाळाचा मामा आला. पाट मांडला. आईला बाळाचं उष्टं तोंड धुवायच्या पाण्याला घंगाळ हवं होतं. माळ्यावर नाही, म्हणून ती शोधत गच्चीवर गेली. मी मागून धावले.

आईने घंगाळात पाहिलं. म्हणाली, कोणी घासलं हे? मी म्हटलं, कोणीच नाही, आपोआप. तिने पाण्यात बोट फिरवलं. मग म्हणाली, पाणी आंबट आहे काय हे?

मी म्हटलं, पीएच साडेपाचच्या आसपास, म्हणजे स्लाइटली ॲसिडिक.

आई म्हणाली, मी इंग्रजी नाही विचारून राहिले. आंबट आहे काय?

हो म्हटलं.

तिने गोधडी उचलली. ड्रममध्ये पाहिलं. मग जी जिना उतरली, गुडघ्याचं दुखणं विसरून. खाली मामाने पालकाचा पहिला चमचा भरला होता. बाळाने तोंड उघडलं होतं, अगदी तसंच, मासोळ्या वर येऊन उघडतात तसं. आईने मामाच्या हातून चमचा हिसकला, वाटी मोरीत पालथी केली. मामा म्हणाला, काहून, काय झालं मावशी? आई म्हणाली, तांब्यानं कळकलंय.

बाळाला खीर दिली. तिने ती थुंकून शर्ट भरला मामाचा. सगळे हसले. वहिनी माझ्याकडे पाहून हसली नाही.

नंतर आई एवढंच म्हणाली, ताक तांब्यात ठेवतं काय गं कोणी? तुला तर शाळेच्या आधी शिकवलं होतं.

१३ जानेवारी
ड्रम रिकामा केला. मासोळ्या पुरल्या.

वहिनीने भाजीवाल्याकडून पालक आणला. मी धुतला. परत धुतला. तिने माझ्या हातातून घेतला आणि स्वतः धुतला. मग स्वतःच शिजवला, दार लोटून. प्रणोतीने दोन चमचे खाल्ले म्हणे. दारामागून ऐकलं.

घंगाळ खाली आणलं. सवयीने चिंच भिजत घातली होती. घासायची गरज नव्हती.