मंगळवारचं निळं पाणी

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार (गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे). दाजींचा खोकला कसा आहे? तुझ्या पायाची सूज उतरली का? आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर रविवार संध्याकाळपासून माझी वाचा बसली आहे. हिची मात्र शाबूत आहे.

झालं असं, की आपला ओढा वाचवण्यासाठी गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि तो टीव्हीवर थेट दाखवणार होते. समूहगानात तुझी लाडकी भाची, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. शिवाय तीन आठवड्यांपूर्वी त्याच कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन माझ्या रंगकारखान्यात येऊन गेली होती. म्हणजे एकाच कार्यक्रमात बाप आणि लेक! लेकीला मी काही बोललो नाही (अचानक बघून तिला आनंद व्हावा म्हणून. हो, आनंद!). गल्लीत मात्र एक घर सोडलं नाही. टेलरमास्तर आले, त्यांच्या सासूबाई आल्या, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. भिंतीवरून ज्याच्याशी आपलं भांडण आहे तो सुतारसुद्धा आला, स्वतःची खुर्ची घेऊन. बैठकीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मी नवा शर्ट घालून मधोमध बसलो होतो.

पहिली तीन गाणी झकास झाली. लेक दिसली, हिने डोळे पुसले. चौथ्या गाण्याला गाणाऱ्यांच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर ओढा आला, निळाशार. सुतार चक्क वा म्हणाला. मग कॅमेरा पाण्यावरून सरकत एका पाइपापाशी आला, पाइपावरून भिंतीवर, आणि भिंतीला टेकून मी! अंगात बनियन, कोपरापर्यंत निळे हात, आणि तोंडावर असं हसू की जणू ओढा मीच जन्माला घातलाय. तेवढ्यात गाणं हळू झालं आणि मी बोलायला लागलो. अक्का, मीच बोललो गं! "सोमवारी लाल, मंगळवारी निळा. पुलाखालच्या लोकांना कॅलेंडर लागत नाही, पाणी बघून वार कळतो." पाणी कुठं जातं असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, रंगाचं कौतुक चाललंय. तीस वर्षं कापडावर रंग पक्का बसावा म्हणून जीव काढला. न बसलेला रंग कुठं जाऊन बसतो, हा विचार मनाला शिवला नव्हता, आईशप्पथ. खाली अक्षरं आली, की या ओढ्यात आता एकही मासा उरलेला नाही.

माझा आवाज ऐकून लेकीनं मान वळवली आणि पडद्याकडे बघितलं. कॅमेरा नेमका तिच्यावर. बाकीच्या गात होत्या, तिचं तोंड उघडं आणि आवाज नाही. बैठकीत कुणी हललं नाही. टेलरमास्तरांच्या सासूबाई (कानांनी अधू) तेवढ्या टाळ्या वाजवत होत्या. सुतार उठला, खुर्ची उचलली आणि एक शब्द न भांडता निघून गेला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

लेक घरी आलीच नाही. परस्पर तुझ्याकडे गेली, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. माझा फोन उचलत नाही. अक्का, तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं. पण पडद्यावरच्या माझ्याकडे ती परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती, ते मला सोसवत नाही. तिला सांग, पाइप मी त्याच संध्याकाळी बुजवला. मागच्या अंगाला पक्का हौद बांधलाय, आता रंगाचा थेंब ओढ्यात जायचा नाही. तिला पहिल्या गाडीनं पाठवून दे.

तुझा धाकटा

ता. क. पाइप खरोखर बुजवलाय आणि कारखाना बंद ठेवलाय. हौद अजून बांधायचा आहे. पण तू बांधला म्हणूनच सांग.

ता. क. २ : गवंडी आठ दिवस म्हणतो. तेव्हा पहिल्या गाडीनं पाठवू नकोस, काहीतरी निमित्त काढून ठेवून घे.

ता. क. ३ : नको, खोटं काही सांगू नकोस. हौद नाही, खड्डा आहे म्हणावं. कमरेइतका झालाय, आणि तुझा बाप एकटा खणतोय. वाटलं तर बघायला ये म्हणावं.