राधाअक्कांची स्कूटर पेट्रोल फार पिते

३ फेब्रुवारी, सोमवार

टाकी पुन्हा कोरडी! भर दुपारी, उणकलजवळ. मागे आमचे हे, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीनं माझ्या कमरेला बांधलेले — नाहीतर डावीकडे कलंडतात. गाठ सोडायची, उतरवायचं, काठी हातात द्यायची, सावली शोधायची. मग पेट्रोल कोण आणणार? एका रिक्षावाल्याला गयावया केली तेव्हा बाटलीभर मिळालं. हे चकार शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी विकताना राधाअक्का छातीठोकपणे सांगत होत्या, एकदा टाकी भरली की पंधरा दिवस बघायला नको. इथं आठवडा निघत नाही. आणि जाते कुठे मी? नवनगरहून विद्यानगर, ह्यांचा व्यायाम करून घ्यायचा, परत.

६ फेब्रुवारी

श्रीहरीच्या गॅरेजात दोन तास. प्लग बदलला, एअर फिल्टर साफ केला, चाकांत हवा कमी होती ती भरली. 'चिंती माडब्याडरी,' म्हणाला, आता काळजीच सोडा. सोडली.

७ फेब्रुवारी

पुण्याहून साकेतचा फोन. विकून टाक म्हणे ती गाडी, बाबांना पोत्यासारखं बांधून नेतेस ते कसं दिसतं! रिक्षा कर. अरे, रिक्षात चढवताना परक्याचा हात लागला की तुझ्या बाबांचा चेहरा कसा होतो ते ये आणि बघ. जेवत नाहीत मग.

पोरगं पुढे म्हणालं, 'आई, दसऱ्याला बाबांना झटका आला तेव्हापासून करतेयस. डावा हात ढिम्म हललेला नाही. किती दिवस तेच?'

फोन ठेवून दिला. रडायचाही कंटाळा आला.

११ फेब्रुवारी

व्यायाम घेणाऱ्या सावनी मॅडमनी आज मला बाजूला घेतलं. पाय छान सुधारलाय म्हणाल्या, पण हाताची फार आशा धरू नका. महिनाअखेरपर्यंत बघू, नंतर घरीच जमेल तेवढं करा. मुलगी चांगली आहे, मान खाली घालून बोलत होती. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं नाही, म्हणजे ओळखलंय.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून बघितलं. येरे माझ्या मागल्या!

१७ फेब्रुवारी

सापडलं! मागच्या चाकाचे ब्रेक शू जळून काळे पडले होते, चाक धरून ठेवत होते. श्रीहरीनं नवे घातले. येताना गाडी कशी मोकळी वाटली! साकेतला मुद्दाम फोन करून सांगितलं. नुसतं हं म्हणाला.

२० फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची मीनाक्षी बँकेतून येताना आमच्या मागे होती. घरी आल्यावर मला म्हणाली, 'अक्का, तुमचा ब्रेकचा लाल दिवा सारखा पेटलेलाच की. उणकलपासून घरापर्यंत विझला नाही बघा.'

बटण अडकलं असेल म्हणून तिलाच मागे उभं केलं. ब्रेक दाबला की पेटतो, सोडला की विझतो. काही बिघडलेलं नाही.

जिन्यातच बसले. म्हणजे मीच दाबून धरते. सगळी वाट! उजव्या हातानं पळवायची, डाव्यानं अडवायची. पेट्रोल पिईल नाही तर काय करील बिचारी? नवे शूसुद्धा आठवड्यात जाळले असते. पंपावर भांडून आले, राधाअक्कांच्या नावानं बोटं मोडली. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. हे पडतील. एकदा हातातून निसटता निसटता राहिलेत.

ह्यांना सांगितलं तर हसले. किती महिन्यांनी!

'जया, तू मला नेतेस की अडवून ठेवतेस?'

मलाही हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२२ फेब्रुवारी

आता मागून चालू झालंय — ब्रेक सोड. अगं, सोड. प्रत्येक चौकात! डोकं उठवलंय. पण बोलतायत. दसऱ्यापासून एवढं कधी बोलले नव्हते.

२५ फेब्रुवारी

सोडते आणि पुन्हा कधी धरते ते कळतच नाही. या वयात बोटांना काय शिकवायचं! सावनी मॅडमकडे आता एकच खेप उरली. मग कशाला पेट्रोल आणि कशाला काय. थकले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची खेप. जाताना ट्रकनं शेजारी येऊन हॉर्न मारला, आणि माझी बोटं आवळली. हे बोलले नाहीत. मागून माझ्या डाव्या कोपराला हळूच ढोसलं — सोड म्हणून. सोडला.

बरंच पुढे गेल्यावर ध्यानात आलं. ह्यांचा उजवा हात सगळा वेळ माझ्या उजव्या खांद्यावर होता.