पट्टीवर न दिसणारे तुकडे

सोम. ३ फेब्रु.
डोंबिवलीचा लॅबवाला खोटं बोलतो नायतर ठाण्याची डॉक्टरीण. दोघं खरे कसे असतील? तो म्हणालेला, "काकू, लघवीत पट्टी बुडवली, प्रोटीन नाय, निवांत रहा." आज हिने ह्यांचे कागद बघून तोंड वाकडं केलं. किडनी अर्धी गेली म्हणे, रक्त कमी. बरगड्या दुखतात त्याचं कारणही तेच असेल. आता चोवीस तासांची लघवी द्या. कॅन दिलाय. नंतर हे लोक 'मी असं बोललोच नाही' म्हणतात, म्हणून लिहून ठेवते.

मंगळ. ४
लॅबवाल्याला धरलं. म्हणतो, ह्या पट्टीला प्रोटीनचे काही तुकडे दिसत नाहीत, दुसरी टेस्ट लागते. मग निवांत रहा कशाला म्हणालास?

गुरु. ६
ठाण्याला कॅन देऊन आले. डॉक्टरणीला विचारलं, कसले तुकडे? तर म्हणाली, जंतू आले की त्यांच्याशी लढायला अंग अँटिबॉडी बनवतं. ह्यांच्या हाडातल्या काही पेशी बिघडल्या असतील तर त्या अँटिबॉडीचे नुसते अर्धे तुकडेच काढत सुटतात, ते किडनीत जाऊन अडकतात. म्हटलं, म्हणजे मी शिवायला जाते त्या कारखान्यात कोणी अख्खा शर्ट सोडून नुसत्या बाह्याच शिवत बसलंय? "तसंच," म्हणाली. हसली नाही.

शनि. ८
डॉक्टरीण म्हणते कॅनमध्ये पाणी मिसळलंय. मी काउंटरवरच्या पोरीला वाट्टेल ते बोलले, दुसऱ्याचा कॅन आमच्या नावावर लावला म्हणून. घरी ह्यांना सांगितलं तर मान खाली. कोलशेतला हे वॉचमन आहेत, तिथल्या केबिनीत कॅन न्यायची लाज वाटली म्हणे. दिवसभर लघवीला बाहेरच गेले नि घरी येताना कॅन नळाखाली भरला.
आता त्या पोरीकडे कुठल्या तोंडाने जाऊ.

मंगळ. ११
ह्यांना रजा टाकायला लावली. काल सकाळपासून संडासाच्या दाराशी मी.
"अगं, मोजतेस काय?"
"हो. मोजते."
कॅन आज दिला.

शुक्र. १४
तुकडे आहेत. खूप आहेत. आता कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढून बघायचा, सोमवारी. किडनी वाचवायची तर उशीर नको म्हणाली.
हे म्हणतात सुईने माणूस लुळा होतो, गावच्या एकाचं झालेलं. कोणाचं? नाव सांगेनात.
मला तर आता वाटतं ती लाजबिज काय नव्हती. काही निघू नये म्हणूनच पाणी घातलं. तसं विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.
सुईच्या फॉर्मवर सही ह्यांचीच लागते, माझी चालत नाही. फॉर्म टीव्हीवर चिकटवलाय, तोंडासमोर. सांगून ठेवलंय, रविवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आत हो की नाही ते मला तोंडाने सांगायचं. मान हलवलेली चालणार नाही.