आठ मशीन आणि तात्यांच्या अटी

सोमवार, ३ जून
ठरलं! दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदींचा जुना रिलेशनल डेटाबेस बंद. त्याजागी डिस्ट्रिब्युटेड इंजिन, म्हणजे एकच काम अनेक मशीनना वाटून देणारं. आठ मशीन एकदम कामाला लागणार. साहेब म्हणाले, आपला सगळा डेटा माझ्या मोबाइलमध्ये मावेल, नाकापेक्षा मोती जड कशाला? दूरदृष्टीच नाही. शेवटी ‘बघा बुवा’ म्हणाले. म्हणजे होच.

मंगळवार, ४ जून
जुना सर्व्हर स्टोअररूममध्ये. तो बसवणारे तात्या गेल्या वर्षी वारले, पण स्क्रीनवर अजून त्यांचंच नाव येतं. रोज सकाळी तो आपोआप जागा होऊन नोंदी तपासतो. तात्याही त्याच वेळेला यायचे. रिसेप्शनच्या ताई म्हणतात, आतून खोकल्याचा आवाज येतो. पंख्यात धूळ असणार. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. दार उघडं ठेवलं, ते हवेसाठी.

गुरुवार, ६ जून
जुन्या प्रोग्राममध्ये तात्यांनी जागोजागी अटी घालून ठेवल्यात. हे असेल तर मेसेज पाठवू नको, ते नसेल तर आधी विचार. म्हाताऱ्या माणसाच्या शंका! वेग कमी होतो. सगळ्या अटी वगळल्या, नुसत्या याद्या उचलल्या. दिवसभर मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. मान अवघडली असणार. उद्यापासून व्यायाम.

सोमवार, १० जून
पहिली फेरी फत्ते! तपासणीची आठवण करून देणारे मेसेज सगळ्या पेशंटना गेले. पूर्वी अर्धं मिनिट लागायचं, आज चार मिनिटं. त्यातली तीन मिनिटं मशीननी एकमेकांची ओळख करून घेण्यात घालवली. डेटा वाढू दे, मग बघा म्हणावं.

मंगळवार, ११ जून
ताईंचा फोन थांबेना. एक आजोबा म्हणाले, बायकोला आज बोलावलंय, कुठून आणू तिला? एक बाई नुसत्याच रडल्या. तात्यांची एक अट होती: पेशंट वारला असेल तर मेसेज नाही.
तात्याही इथलेच पेशंट, मेसेज त्यांनाही गेलाय. ‘पोहोचला’ अशी खूण आली. कुठे पोहोचला?
साहेब ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. उद्या जुना डेटाबेस परत चालू करायचाय.

संध्याकाळी
बाबा आमच्याच दवाखान्यात दाखवायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले. त्यांचा फोन आई अजून चार्ज करते, हे मला माहीतच नव्हतं. तिने तो माझ्यापुढे धरला. बाबांचं नाव, खाली ‘उद्या तपासणीला या’.
आई म्हणाली, चुकून आलाय, कळतं रे मला. पण किती दिवसांनी कुणीतरी त्यांना बोलावलं. पुढच्या महिन्यात परत येईल ना?
येईल, म्हणालो.