कुकरची शिट्टी आणि प्रतिकारशक्ती

६ जानेवारी, पहाटे ५.१०
दहा दिवसांचं ध्यान शिबिर करून काल पारनेरला परतलो. माणूस बदलून आलोय. गुरुजींचं म्हणणं पक्कं डोक्यात बसलं: ताण वाढला की प्रतिकारशक्ती पडते आणि मग कुठलाही आजार घरात शिरतो. उपाय सोपा. डोळे मिटायचे, शरीरात जे होतंय ते नुसतं बघायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही.
संकल्प: आजपासून ताण बंद. खत-बियाण्याच्या दुकानाचं काउंटर स्नेहलकडे. बायकोला गिऱ्हाईक माझ्यापेक्षा बरं सांभाळता येतं. आईचं पथ्यपाणी तीच बघते, तिथे बदलाची गरज नाही.

९ जानेवारी
अडचण: कुकर. ध्यान लागतंय तोच शिट्टी. शिट्टीने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, वाढतं, हे स्नेहलला शांतपणे सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने, पण शांतपणेच. ती म्हणाली, मग डाळ कशात शिजवू? पातेल्यात. माझी आजी पातेल्यातच शिजवायची. मिक्सरही बंद, घरात पाटा आहे. आता ती चारला उठते. ब्राह्ममुहूर्त. फायदा तिचाच.

१४ जानेवारी, संक्रांत
आई तिळगूळ देताना म्हणाली, रंगनाथ, तू लई ग्वाड बोलाया लागलाय, पर सून काय बोलतच न्हाई.
खरंय. स्नेहल हल्ली दिवसदिवस बोलत नाही. मौन! शिबिराला न जाता तिला साधलं. याला म्हणतात संगत.

१९ जानेवारी
स्मार्टवॉच आलं. स्ट्रेस मोजतं. माझा ८१, लाल. नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागणार. खात्रीसाठी स्नेहलच्या हाताला बांधलं. ९४. ती तर दिवसभर नुसती काउंटरवर बसलेली असते. म्हणजे घड्याळच खराब. परत पाठवायचं काम स्नेहलला दिलं.

२३ जानेवारी
नेहमीचं गिऱ्हाईक गोरक्ष दुकानात ओरडत आला. कांद्यावर करपा पडलाय, औषध लागू पडत नाही. मी आतून खास उठून गेलो. म्हटलं, आधी दीर्घ श्वास घे. तो म्हणाला, श्वास मी घेऊ का कांद्याला देऊ? मी परत आत आलो. नंतर अर्धा तास स्नेहल त्याच्याशी बोलत होती, तेव्हा कुठे निवळला. माझ्या सान्निध्याचा परिणाम जरा उशिरा होतो.

२७ जानेवारी
ठरलं. ९ फेब्रुवारीला मंगल कार्यालयात माझं स्वतःचं शिबिर. विषय: ध्यानातून प्रतिकारशक्ती. बॅनर छापून घेतला. मी, स्नेहल, आई. खाली मोठ्या अक्षरात ‘औषधमुक्त कुटुंब’. आईच्या बीपीच्या गोळ्या कपाटात मागे सरकवून ठेवायला सांगितल्या.

३१ जानेवारी
स्नेहलच्या पाठीपासून बरगडीखालपर्यंत फोड. आग होते म्हणते. आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, नागीन हाय. त्वांड नि शेपूट जुळली की मानूस जातं. लगेच शेजारच्या साळूबाईला गेरू घेऊन बोलावलं. मी हसलो. या अंधश्रद्धेपायीच आपला समाज मागे. साळूबाईला चहा पाजून परत पाठवलं.
स्नेहल म्हणाली, गेरू राहू द्या, डॉक्टरकडे चला. शिबिर तोंडावर आलंय, ‘औषधमुक्त’ छापून झालंय, आणि बाई निघाल्या गोळ्या आणायला. समजावलं: नुसतं बघ. प्रतिक्रिया देऊ नकोस. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. फोडांकडे बघायचं होतं.

४ फेब्रुवारी
स्नेहलला ताप. कूस बदलताना ओरडते, ध्यान मोडतं. आईने परस्पर पुणतांब्याला, स्नेहलच्या माहेरी, फोन केला. स्नेहलचा भाऊ ज्ञानेश्वर गाडी घेऊन आला, थेट डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणे भडकला. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हव्या होत्या, आता फोड गेले तरी दुखणं कित्येक महिने राहू शकतं. आणि तिला ताण नको. ज्ञानेश्वरने विचारलं, दाजी, ताण कशाचा? म्हटलं, दुकानाचा. तो तिला माहेरी घेऊन गेला. मीही तेच सुचवणार होतो.

९ फेब्रुवारी
शिबिर झालं. उपस्थिती मोजकी पण दर्जेदार: आई, गोरक्ष आणि राहिलेली दोरी न्यायला आलेला बॅनरवाला. गोरक्षने बॅनरकडे बोट करून विचारलं, वहिनी कुठाय? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, तिला नागीन झालीया. पुढची वीस मिनिटं तिघांनी नागिणीवरच चर्चा केली. खिचडी संपली.

१६ फेब्रुवारी
काउंटरवर मी. गिऱ्हाईक बोलतं फार. घाईत गोरक्षला करप्याच्या औषधाऐवजी तणनाशक दिलं गेलं. कांदा जळाला. आता तो रोज दुकानासमोर येऊन बसतो. ओरडत नाही, नुसता बघतो. शिकवण पोचली म्हणायची.
डाळ पातेल्यात शिजत नाही. कुकरची शिट्टी स्नेहलने कुठे ठेवली, सापडत नाही. आई उपाशीच निजली. झोप नाही. ताण अजिबात नाही.

२१ फेब्रुवारी
डाव्या कुशीत आग. फोड. नक्की स्नेहलचं लागलं. डॉक्टर म्हणाला, नागीण अशी लागत नाही. लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू आत झोपलेला असतो, प्रतिकारशक्ती पडली की उठतो. काही ताण आहे का? म्हटलं, मी ध्यान करतो. त्याने बीपी बघितलं आणि तोच प्रश्न परत विचारला.

२२ फेब्रुवारी, दुपारी
सदरा अंगाला लागू देववत नाही. आईने साळूबाईला बोलावलं. कमरेभोवती गेरू थापून घेतला. गोळ्याही घेतोय.
स्नेहलला फोन लावला. म्हटलं, ये. दुकान, आई, मी, सगळंच पडलंय. ती म्हणाली, तिचंही अजून दुखतंय, पण तिथे झोप लागते. म्हटलं, मग मी काय करू?
म्हणाली, नुसतं बघायचं. प्रतिक्रिया द्यायची नाही.
तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिला काही घाई दिसली नाही. डाळ झाली म्हणाली आणि फोन ठेवला.
लई दुखतंय.